मुखपृष्ठाची मागची बाजू

जयूताई नाफडे यांना काही विचारले, की उत्तर देण्यापूर्वी त्या क्षणभर थांबत. नव्या माणसाला वाटे, बाईंना ऐकू आले नसावे. ती सवय टेलिफोन खात्याची होती. उज्जैनच्या एक्स्चेंजमध्ये त्यांनी नोकरीतली बहुतेक वर्षे चौकशीच्या टेबलावर काढली. लोक नाव आणि मोहल्ला सांगत, त्या डिरेक्टरी उघडून नंबर सांगत. जे छापले आहे तेवढेच सांगायचे, हा तिथला नियम. एखाद्या डॉक्टरांचे घर कुणी विचारले आणि ते डॉक्टर त्यांच्याच गल्लीत राहत असले, तरी डिरेक्टरीत पत्ता नसेल तर जयूताई ‘दर्ज नहीं है’ एवढेच म्हणत. त्या डॉक्टरांच्या पत्नीने पुढे एका हळदीकुंकवाला हा किस्सा सर्वांसमक्ष सांगून त्यांना चिडवले होते. जयूताई हसल्या होत्या, पण नियम बदलला नव्हता.

मी त्यांचा शेजारी. बँकेच्या बदलीने माधव नगरात राहायला आलो, तेव्हा समोर मराठी घर आहे हे कळून बरे वाटले. यावल तालुक्यातल्या खेड्यात वाढलेल्या मला त्यांची मराठी मात्र आरंभी अनोळखी वाटे. जयूताईंचे यजमान दिलीपराव सिंचन खात्यातून निवृत्त झालेले. पहिल्याच भेटीत त्यांनी सांगून टाकले, “फालकजी, आमच्याकडे सगळी मराठी चालते. फक्त शुद्ध चालत नाही.”

एक्याण्णवनंतर गल्लोगल्ली पिवळ्या पाट्यांचे एसटीडी बूथ निघाले. मग चौकशीचे काम संगणकाकडे गेले, मग लोकांच्या खिशात मोबाइल आले आणि नंबर विचारण्याची गरजच उरली नाही. जयूताईंचे टेबल आधी भिंतीकडे सरकवले गेले, नंतर दुसऱ्या खोलीत गेले, आणि एके दिवशी त्यांनी मुदतीआधी निवृत्ती घेण्याच्या अर्जावर सही केली. जाताना कर्मचाऱ्यांच्या सवलतीतले ब्रॉडबँड घरी आले. पुण्यात नोकरी करणाऱ्या सायलीने, म्हणजे त्यांच्या मुलीने, आपला जुना संगणक आणि स्कॅनर पाठवून दिला. अशा रीतीने जयूताई त्या ज्ञानकोशापर्यंत पोहोचल्या.

इंटरनेटवरचा तो मराठी ज्ञानकोश कुणीही लिहावा आणि कुणीही दुरुस्त करावा, असा होता. तेव्हा तो बाल्यावस्थेत होता. उज्जैनच्या पानावर महाकाल, क्षिप्रा आणि सिंहस्थ यांपलीकडे फारसे काही नव्हते. जयूताईंनी राम घाटावर लिहिले, गावातल्या मराठी वस्त्यांवर लिहिले, जुन्या गिरण्यांवर लिहिले. रात्रीचे जेवण लवकर आटोपून त्या संगणकासमोर बसत आणि दिलीपराव शेजारच्या खोलीतून विचारत, “आज कुणाचा नंबर लागला?”

त्यांच्या लेखांत एक विशेष असे. जे पुस्तक वाचून लेख लिहिला, त्या पुस्तकाचे मुखपृष्ठ स्कॅन करून त्या लेखातच लावत. राम घाटाच्या लेखात घाटाचे चित्र नसे, जिल्ह्याच्या जुन्या माहितीग्रंथाचे मुखपृष्ठ असे. यामागे आमच्या मराठी मंडळाची एक रीत होती. मंडळात दर गणेशोत्सवात चर्चा होत. तिथे कुणी इतिहासातली गोष्ट छातीठोकपणे सांगू लागला, की मागच्या रांगेतून हाक येई, “पुस्तक टेबलावर ठेवा.” पुस्तक टेबलावर आले, की ते उघडण्याची सक्ती नसे. दिसले म्हणजे पुरे. मुखपृष्ठ हा पुरावा, हे त्या संस्कारातून आले होते.

ज्ञानकोशावर देखरेख करणाऱ्यांत मंदार नावाचा एक प्रचालक होता. त्याने ती मुखपृष्ठे एकामागून एक काढायला सुरुवात केली. प्रत्येक वेळी लेखाला जोडलेल्या चर्चापानावर नम्रपणे लिही, की मुखपृष्ठावर चित्रकाराचा किंवा प्रकाशकाचा प्रताधिकार असतो. त्या पुस्तकावरच स्वतंत्र लेख असेल तर त्यात ते लहान आकारात चालते, पण संदर्भ म्हणून चित्र लावू नये, लेखक, वर्ष आणि पान लिहावे. जयूताईंना तो नम्रपणाही झोंबला. आपल्यावर खोटेपणाचा वहीम घेतला जातो आहे, असे त्यांनी मला दोनदा ऐकवले. तिसऱ्यांदा ऐकवले नाही, कारण तोवर त्या माईंवरच्या लेखात गुंतल्या होत्या.

माई म्हणजे त्यांच्या सासूबाई, दिलीपरावांच्या आई. त्या जाऊन बरीच वर्षे झाली होती. पन्नासच्या सुमारास त्यांनी मंडळाच्या मागच्या खोलीत दुपारचा एक वर्ग सुरू केला. लग्न होऊन महाराष्ट्रातून इकडे आलेल्या, धड मराठी वाचता येत नाही आणि हिंदी पाट्याही कळत नाहीत, अशा बायकांसाठी तो होता. माहेरचे पत्र दुसऱ्याकडून वाचून घ्यावे लागू नये, हा त्यामागचा विचार. जवळजवळ तीस वर्षे तो वर्ग चालला. खुद्द जयूताई धारजवळच्या खेड्यातून कॉलेज अर्धवट सोडून या घरात आल्या, त्याही माईंच्याच हाताखाली पुढे शिकल्या. टेलिफोनच्या परीक्षेचा अर्ज माईंनी आणून समोर ठेवला होता. एरवी सुनेशी फार न बोलणाऱ्या त्या बाई तेव्हा म्हणाल्या होत्या, “पोळ्या मी बघते. तू हे भर.”

जयूताईंनी लेख मनापासून लिहिला. माईंचा आवाज, खडूने पांढरी झालेली बोटे, संक्रांतीला वर्गात वाटलेला तिळगूळ, सगळे त्यात होते. संदर्भ म्हणून त्यांनी मंडळाच्या अठ्ठावन्न सालच्या परिचय-ग्रंथाचे मुखपृष्ठ लावले. उज्जैनमधल्या मराठी कुटुंबांची मूळ गाव, नोकरी आणि पत्ता यांसह नोंद करणारा तो ग्रंथ होता. त्याच्या मुखपृष्ठावर मंडळाच्या पायऱ्यांवर उभ्या असलेल्या बायकांचे छायाचित्र होते आणि मधोमध, हातात पाटी घेतलेल्या, माई होत्या.

दोन दिवसांनी मंदारने लेखाच्या माथ्यावर सूचना लावली. या व्यक्तीच्या कार्याला छापील आधार दिसत नाही. आठवड्याभरात तो मिळाला नाही तर लेख काढावा, असा प्रस्ताव होता. मुखपृष्ठ त्याने लगेच काढले.

त्या संध्याकाळी जयूताईंनी मला बोलावून संगणकाचा पडदा दाखवला. मी वाचले. दिलीपराव खुर्चीत सेव खात बसले होते. आईने ही सूचना वाचली असती तर पहिल्यांदा त्यातल्या चुका लाल पेन्सिलने दुरुस्त केल्या असत्या, असे ते म्हणाले. जयूताई हसल्या नाहीत.

“ग्रंथात काय लिहिलं आहे?” मी विचारले.

त्यांनी ग्रंथ काढला. तो मंडळाच्या वाचनालयाचा होता. नोंद दिलीपरावांच्या वडिलांच्या नावाने होती: नाव, मूळ गाव, लेखापालाची नोकरी, पत्ता. त्यापुढे ‘पत्नी: सौ. माई. अपत्ये: एक मुलगा’. एवढेच. संपूर्ण ग्रंथात बायका अशाच होत्या, नवऱ्याच्या नोंदीच्या शेवटी, बहुतेक घरातल्या नावाने. वर्गाचा उल्लेख नव्हता. मंडळाच्या कार्यक्रमांच्या यादीतही नव्हता, कारण वर्ग हा कार्यक्रम नव्हता, तो रोज होत असे.

“छापलेलं नाही,” जयूताई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मंदारला चर्चापानावर फोन नंबर मागितला. त्याने दिला. फोन केला तेव्हा मी तिथेच होतो. मनात त्यांनी कुणी प्रौढ प्राध्यापक धरला होता. निघाला सांगलीकडचा औषधांच्या दुकानात बसणारा तरुण. मधूनमधून तो गिऱ्हाइकाला गोळ्या कशा घ्यायच्या ते सांगत होता आणि जयूताईंना थांबायला लावत होता. आयुष्यभर लोकांना लाइनवर थांबवणाऱ्या त्या बाई ते निमूटपणे सहन करत होत्या.

मंडळाकडून मुखपृष्ठाची परवानगी आणली तर चालेल का, असे त्यांनी विचारले. छायाचित्र कुणी काढले, हे तो विचारू लागला. कुणालाच ठाऊक नव्हते. मग मंडळ कशाची परवानगी देणार, असे त्याचे म्हणणे. ग्रंथावरच स्वतंत्र लेख लिहून त्यात मुखपृष्ठ लावावे, तर त्या ग्रंथाबद्दल इतर कुणी काही लिहिलेले हवे. तसे कुणी लिहिले नव्हते. असा छापील फोटो प्रसिद्ध झाल्याला साठ वर्षे झाली, की पुढच्या नव्या वर्षापासून प्रताधिकारातून मोकळा होतो, हेही त्याने सांगितले. आणि फोटोने माणूस दिसतो, त्याने काय केले ते दिसत नाही, असे तो जरा चाचरत म्हणाला. जयूताईंनी त्यावर वाद घातला नाही. फोन ठेवण्याआधी त्याने एवढे सुचवले, की जुन्या ग्रंथांत मुखपृष्ठाच्या चित्राचा परिचय कुठेतरी छापलेला असतो, तो बघावा.

आम्ही ग्रंथ पहिल्या पानापासून शेवटपर्यंत चाळला. परिचय नव्हता. मंडळाच्या कपाटात त्याच सुमाराला, त्याच छापखान्यात छापलेली एक स्मरणिका होती, बांधणी न केलेली. मी ती दुसऱ्या दिवशी घेऊन आलो. तिच्या मुखपृष्ठावर नाटकातल्या पात्रांचे छायाचित्र होते. मुखपृष्ठ उलटले तर आतल्या बाजूस बारीक अक्षरात छापलेले: मुखपृष्ठावरील छायाचित्र, डावीकडून उजवीकडे, आणि सगळ्यांची नावे.

जयूताईंनी ती पाहिली आणि ग्रंथाच्या पुठ्ठ्यावर हात ठेवला.

याचे कारण मला नंतर समजले. सत्तरच्या दशकात त्या रविवारी मंडळाच्या वाचनालयात बसत. पुस्तके फाटत चालली होती, म्हणून ती बांधणीला पाठवायचे ठरले. तेव्हाची पद्धत अशी, की बाइंडर मुखपृष्ठ फाडून टाकी आणि पुस्तकाला काळे किंवा लाल कापड चढवी. मग कपाटातली सगळी पुस्तके एकसारखी दिसत. जयूताईंना ते पटले नाही. छत्री चौकातल्या बाइंडरला त्यांनी बजावून सांगितले, की मुखपृष्ठ टाकायचे नाही, कापून नव्या पुठ्ठ्यावर चिकटवायचे. वाचकाला पुस्तक ओळखू यावे, ही त्यांची इच्छा. मंडळाने त्याबद्दल त्यांचे कौतुकही केले होते. या ग्रंथाचे मुखपृष्ठ शिल्लक राहिले ते त्यामुळे. आणि त्याची मागची बाजू पुठ्ठ्याला चिकटली होती तीही त्यामुळेच.

दुसरी प्रत मिळते का, ते आम्ही पाहिले. फ्रीगंजमधल्या दोन जुन्या घरी गेलो. एका घरी ग्रंथ स्थलांतरात रद्दीत गेला होता. दुसऱ्या घरी आजोबांनी तो कुणालातरी वाचायला दिला होता, आणि कुणाला ते सांगायला आजोबा नव्हते. आठवड्यातले तीन दिवस उरले होते. मग चिकटवलेले मुखपृष्ठ सोडवून पाहू का, असे मंडळाच्या सचिवांना विचारले. ते म्हणाले, काढायचे तर काढा, पण पुस्तक वापस आले पाहिजे.

एवढे झाल्यावरही जयूताई पुढे सरकेनात. ग्रंथ टेबलावर ठेवून त्या आसपास कामे करत राहिल्या. अडचण मला माहीत होती. माईंचे घरात दोनच फोटो होते. एक लग्नातला, मान खाली घातलेला. दुसरा हार घातलेला, भिंतीवरचा. घराबाहेर, ताठ मानेने उभ्या असलेल्या माई या एका कागदावर होत्या. सुटताना कागद फाटला, तर तो कागद जाणार होता. स्कॅन केलेली प्रत संगणकात होती, पण पडद्यावरचे चित्र आणि हातातला कागद या दोन गोष्टी त्यांना एक वाटत नव्हत्या.

दिलीपराव या सगळ्यात फारसे पडले नव्हते. आईचे नाव इंटरनेटवर असण्याने काय होते, असे ते अधूनमधून विचारत, आणि उत्तराची वाट न बघता बाहेर फिरायला जात. त्या दिवशी फिरून आले, चप्पल काढली आणि टेबलाजवळ उभे राहिले.

“कशानं चिकटवलं होतं?”

“खळ होती. मैद्याची, मोरचूद घातलेली. माझ्यासमोर शिजवली होती त्यानं.”

“मग पाण्यानं सुटेल.”

“फाटलं तर?”

दिलीपरावांनी वाकून मुखपृष्ठाकडे पाहिले. “फोटो संगणकात आहे. नाव कुठंच नाही,” ते म्हणाले. “काढ.”

जयूताईंनी सुती पंचा ओला करून पिळला, मुखपृष्ठावर पसरला आणि वाट बघत बसल्या. मी दुसरे पंचे भिजवून देत होतो. दुपार कलताना एका कोपऱ्यातला कागद पुठ्ठ्यापासून वर आला, आणि खोलीत शिळ्या पिठाचा आंबूस वास पसरला. त्यांनी पोळी उलथण्याचे पातळ कालथे खाली सरकवले. हात स्थिर होता. कागद बोटा-बोटाने सुटत गेला. उजव्या कडेला, शेवटच्या बाईपाशी, तो चिरला. त्या बाईचा खांदा आणि पायऱ्यांचा तुकडा पुठ्ठ्यावरच राहिला. जयूताई थांबल्या नाहीत. उरलेला कागद अखंड सुटला.

त्यांनी तो उलटा करून टॉवेलवर ठेवला. ओल्या कागदावर बारीक अक्षरे होती. जयूताईंनी चष्मा पुसला, तरी वाचले दिलीपरावांनीच, कारण जयूताईंनी कागद त्यांच्याकडे वळवला होता.

‘मुखपृष्ठ: मंडळाचा स्त्री-वाचनवर्ग. मध्यभागी वर्गाच्या संस्थापक व शिक्षिका सौ. मंगला नाफडे.’

त्यानंतर डावीकडून विद्यार्थिनींची नावे होती. प्रत्येकीचे स्वतःचे नाव. कुसुम, उषा, माणिक, अशी ती पुढे जात होती, आणि शेवटचे नाव चिरेवर तुटले होते. दिलीपराव उठले आणि दाढीचा आरसा घेऊन आले. पुठ्ठ्यावर राहिलेल्या ओल्या तुकड्यातून आरपार दिसणारी उलटी अक्षरे त्यांनी आरशात धरली. ‘विजया’ एवढे लागले. आडनाव खळीत विरघळले होते.

“ही काळ्यांची विजया,” दिलीपराव म्हणाले. “गिरणीतले काळे. तिला मी बघितलं आहे, यार. मला बोरं द्यायची.”

“छापलेलं दिसत नाही,” जयूताई म्हणाल्या.

“मी सांगतो आहे ना.”

“तुम्ही डिरेक्टरी नाही आहात.”

दिलीपराव मोठ्याने हसले. आठवडाभरात त्या घरात ऐकलेले ते पहिले हसू. मग त्यांनी आरसा बाजूला ठेवला आणि पहिली ओळ पुन्हा एकदा, या वेळी मनातल्या मनात, वाचली. त्यांचे ओठ हलताना दिसत होते.

रात्री जयूताईंनी माईंचा लेख उघडला. मला वाटले, त्या नवा संदर्भ जोडतील. त्यांनी आधी लेख कापायला घेतला. आवाज काढला, खडूची बोटे काढली, तिळगूळ काढला. आपल्या स्वतःच्या अर्जाची हकीकत काढताना त्या नेहमीसारख्या क्षणभर थांबल्या, आणि तीही काढली. चार ओळी उरल्या. मंगला नाफडे यांनी उज्जैनच्या मराठी मंडळात स्त्रियांसाठी वाचनवर्ग स्थापन केला व तेथे शिकवले. ग्रंथाचे नाव, वर्ष. आणि पानाच्या जागी ‘मुखपृष्ठाची आतील बाजू’. विद्यार्थिनींची नावे खाली दिली. शेवटच्या नावापुढे लिहिले: ‘विजया (आडनाव अवाच्य)’.

मंदारचे उत्तर सकाळी आले. एवढ्या आधारावर स्वतंत्र लेख टिकणे कठीण आहे, असे त्याने प्रामाणिकपणे कळवले होते. मात्र उज्जैनमधील मराठी समाजावरच्या लेखात हा मजकूर त्याने पूर्ण हलवला होता, एकही नाव न गाळता, आणि ‘मंगला नाफडे’ असे शोधले तरी वाचक तिथेच पोहोचेल अशी सोय केली होती. चर्चापानाच्या शेवटी त्याने विचारले होते, की मागची बाजू तुम्हाला मिळाली कशी. जयूताईंनी त्याला सगळे लिहिले नाही. ‘पाण्याने’ एवढेच लिहिले.

मी त्यांना म्हणालो, की मूळ लेख छान होता, तो गेल्याचे वाईट वाटते. त्या म्हणाल्या, ती माझी माई होती. ज्ञानकोशात कुणाची माई नसते. हे बोलताना त्या कोथिंबीर निवडत होत्या आणि मान वर केली नाही, त्यामुळे त्यांना वाईट वाटले की नाही, ते मी सांगू शकत नाही.

कागद वाळल्यावर त्यांनी तो प्लॅस्टिकच्या पारदर्शक पाकिटात घातला, म्हणजे दोन्ही बाजू दिसाव्यात. खांद्याचा तुकडाही पुठ्ठ्यावरून सोडवून शेजारी ठेवला. पाकीट ग्रंथाच्या आत सरकवले आणि ग्रंथ मंडळाला परत द्यायला आम्ही तिघे निघालो. निघण्यापूर्वी त्यांनी पाकिटावर कागदाची एक पट्टी चिकटवली होती: ‘छायाचित्र २०१९ मध्ये मोकळे होईल. तेव्हा ज्ञानकोशात लावावे.’

मला त्यांनी बजावले, “मी असेन, नसेन. तुम्ही लहान आहात, फालकजी. लक्षात ठेवा.”

दहा-अकरा वर्षे म्हणजे फार झाली, असे मी म्हणालो.

“होऊ द्या,” दिलीपराव रिक्षात चढताना म्हणाले. “माईला वाट बघायची आदत होती. बायका भांडी घासून येईपर्यंत ती वर्ग सुरू करत नसे.”